हक्क काढून घेण्याचा कागद

नवरात्राच्या आदल्या आठवड्यातील गोष्ट आहे. त्या दिवसांत कोराडीत देवीच्या यात्रेची लगबग सुरू झालेली असते आणि दवाखान्यातली गर्दी थोडी ओसरते. किरकोळ दुखणी लोक दसऱ्यानंतरवर ढकलतात. अशाच एका रिकाम्या संध्याकाळी एक वृद्ध दांपत्य आले. आजोबा वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मधुमेही, माझे जुने रुग्ण. आजींचे गुडघे दुखतात, रक्तदाब वर असतो. तपासणी झाली, औषधे लिहून झाली, तरी दोघे उठेनात. आजोबांनी मागे वळून दार लोटलेले आहे की नाही ते पाहिले आणि आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सूनबाईचा पोरावरचा हक्क काढून घ्याचा कागद कुठं भेटते? तुमी लिहून देता का?"

नातू साडेचार वर्षांचा. सून एकोणतीस वर्षांची. मुलगा कंत्राटी कामगार, पाळीची ड्युटी. महिन्यातली निम्मी रात्र घराबाहेर. सुनेचा आजार मूल दीड वर्षाचे असताना सुरू झाला. प्रथम ती रात्री जागी राहू लागली, मग खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवू लागली, मग टाकीतल्या पाण्यात कोणी काही मिसळते असे म्हणू लागली. नागपूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. तीन आठवडे गोळ्या घेतल्या आणि तिने त्या बंद केल्या. त्यानंतर दोन वर्षांत गंडे झाले, दोरे झाले, एका महाराजांच्या वाऱ्या झाल्या. औषध मात्र झाले नाही. आणि गेल्या आठवड्यात तिने मुलाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोलीत कोंडून ठेवले. अन्नात विष आहे म्हणून त्याला काहीही खाऊ दिले नाही. आजोबांनी कडी उचकटून दार उघडले तेव्हा पोर भिंतीला टेकून झोपले होते, ओठ कोरडे पडलेले.

वाचकहो, ओळख पटू नये म्हणून या हकिकतीतील काही तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र आजींचाच आहे आणि तो त्यांच्या एकटीचा नाही. आईबाप मनाने आजारी, नातवंडे आजीआजोबांच्या पदरी, अशी घरे माझ्या पंचक्रोशीत मी बोटांवर मोजू शकणार नाही इतकी पाहिली आहेत. त्यांच्यासाठीच हा लेख.

आजींना मी प्रथम एवढेच सांगितले, की असा कागद आपल्या देशात नाही.

अमेरिकेत तो आहे. पालकत्वाचे हक्क संपुष्टात आणण्याची स्वतंत्र न्यायालयीन प्रक्रिया तेथे आहे. ती पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती त्या मुलाची आई किंवा बाप उरत नाही. भेटीचा हक्क जातो. मूल दुसऱ्याला दत्तक देताना तिला विचारण्याचीही गरज राहत नाही. तेथील १९९७च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने शासनाच्या देखरेखीखाली घराबाहेर राहिले, तर काही अपवाद वगळता राज्याला ही प्रक्रिया सुरू करावी लागते. पालकाचा मानसिक आजार हा त्यासाठीचा एक आधार म्हणून अनेक राज्यांच्या कायद्यांत नोंदलेला आहे. १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एवढी मर्यादा घातली, की असा निर्णय केवळ पारडे थोडेसे झुकले म्हणून घेता येणार नाही. पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा. तरीही वैद्य म्हणून मला त्या पंधरा महिन्यांची धास्ती वाटते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला मानवेल असे औषध आणि त्याची योग्य मात्रा सापडण्यातच कधी कधी वर्ष निघून जाते.

आपला कायदा या बाबतीत विखुरलेला आहे, आणि माझ्या मते त्या विखुरलेपणात काही शहाणपणही आहे. मी वकील नाही. परंतु तीस वर्षे या गावात दवाखाना चालवताना जेवढा कायदा शिकावा लागला तेवढा सांगतो.

मूल कोणाकडे राहावे हा वाद झाला, तर जिल्हा न्यायालय किंवा कौटुंबिक न्यायालय १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली तो ऐकते. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो, की मुलाचे हित हाच सर्वांत वरचा विचार. त्याच कायद्यात बापाला पहिला नैसर्गिक पालक म्हटले आहे आणि 'त्यानंतर' आईला. या 'त्यानंतर'चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असाच घ्यायचा का, हा प्रश्न लेखिका गीता हरिहरन यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९९ साली न्यायालयाने म्हटले, की बाप हयात असूनही शारीरिक वा मानसिक असमर्थतेमुळे मुलाकडे पाहू शकत नसेल, तर आई हीच नैसर्गिक पालक समजावी. म्हणजे आजारी बापाचे बापपण कोणी पुसत नाही. कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती जातो.

दुसरी वाट २०१५च्या बालन्याय कायद्याची. जिल्ह्याची बाल कल्याण समिती एखाद्या पालकाला मुलाची काळजी घेण्यास अयोग्य किंवा असमर्थ ठरवू शकते. मग ते मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते आणि समिती त्याला आजीआजोबांसारख्या 'योग्य व्यक्ती'कडे थोड्या किंवा दीर्घ मुदतीसाठी सोपवू शकते. हे ऐकून पुष्कळ लोकांना वाटते की झाले, मूल आपले झाले. तसे नाही. मूल पुन्हा आपल्या घरी, आपल्या माणसांत जावे हेच त्या कायद्याचे मुख्य उद्दिष्ट आहे. दत्तकासाठी मोकळे होते ते अनाथ, टाकून दिलेले किंवा पालकांनी स्वतः समितीपुढे सुपूर्द केलेले मूल. सुपूर्द करणाऱ्यांनाही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. भ्रमाच्या भरात असलेल्या आईने अशा लेखावर सही केली तर ती सही तिची समजावी का, हा प्रश्न मला विचाराल तर माझे उत्तर 'नाही' असेच राहील.

त्याच कलमात एक तरतूद आहे, की मतिमंद पालकांचे मूल समिती विहित पद्धतीने दत्तकासाठी मोकळे घोषित करू शकते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बुद्धीची वाढ लहानपणापासून कमी झालेली असते. दुसऱ्यात बुद्धी शाबूत असून विचार, भावना किंवा संवेदना बिघडतात, आणि पुष्कळदा त्या औषधाने सुधारतात. आमच्या सुनेने बी.कॉम. केले आहे. तिला त्या कलमात बसवणे म्हणजे तापाच्या रुग्णाच्या पायाला प्लॅस्टर घालणे. खरे तर मतिमंद पालकांबद्दलही न्यायालये आता घाई करीत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका बापाने आपल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताची परवानगी मागितली. कारण तिची बुद्धी कमी आहे. तेव्हा न्यायमूर्तींनी उलट विचारले, की बुद्धी सरासरीहून कमी असली म्हणजे आई होण्याचा हक्क नसतो काय?

१९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आई किंवा बापाच्या संमतीवाचून मूल दत्तक देता येण्याचे जे मोजके प्रसंग सांगितले आहेत, त्यांत एक असा : त्या व्यक्तीला सक्षम न्यायालयाने विकल मनाची ठरवलेले असले पाहिजे. न्यायालयाने. गावच्या डॉक्टरने नव्हे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही स्पष्ट सांगतो, की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा आहे असे समजू नये.

आजींचा दुसरा प्रश्न होता, "मग तुमी एक सर्टिफिकेट तरी द्या." या प्रश्नाने मला माझी एक जुनी चूक आठवली. ती येथे सांगितली पाहिजे.

व्यवसायाची पहिली काही वर्षे होती. एका परिचित गृहस्थांनी सुनेला तपासायला आणले. बाळंतपणाला पाच महिने झालेले. ती खाली मान घालून बसली होती, प्रश्नांना उत्तरे देत नव्हती. उत्तरे सासरे देत होते. दहा मिनिटांत मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिले, की ही स्त्री मानसिकदृष्ट्या असंतुलित असून मुलाचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे. तो अधिकार माझा नव्हता आणि तेवढे ज्ञानही माझ्याजवळ नव्हते. काही महिन्यांनी कळले, की मूल सासरी ठेवून तिला माहेरी धाडले आणि भेटायला आली की माझी ती चिठ्ठी दाखवतात. बाळंतपणानंतर काही स्त्रियांची थायरॉइड ग्रंथी मंदावते आणि मग मरगळ, अबोला, विसराळूपणा, रडू येणे ही सारी लक्षणे दिसतात, हे मी महाविद्यालयात शिकलो होतो. रक्ताची ती साधी तपासणीही मी सांगितली नव्हती. तिला तो विकार होता की प्रसूतीनंतरचे नैराश्य होते, की केवळ त्या घरात तिला बोलण्याची सोय नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. मी पाहिलेच नाही. चिठ्ठी परत मागण्याचे धैर्यही मला तेव्हा झाले नाही.

म्हणून आजींना मी सर्टिफिकेट दिले नाही. परंतु 'काही करता येत नाही' असेही म्हटले नाही, कारण कोंडून ठेवलेले उपाशी मूल ही थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. त्या रात्रीपासून नातू आजीआजोबांच्या खोलीत झोपेल, आईजवळ असताना घरातले एक मोठे माणूस त्या खोलीत असेल, आतल्या कड्या काढून टाकल्या जातील आणि दुसऱ्या दिवशी मी घरी येईन, एवढे ठरले.

येथे थोडे थांबून एक भेद सांगतो, कारण सारा प्रश्न त्यावरच उभा आहे. आजार आहे म्हणून आई अयोग्य ठरत नाही. तिच्या हातून मुलाचे काय होते, हे पाहायचे असते. स्किझोफ्रेनिया असलेल्या, नियमित औषध घेणाऱ्या आणि मुलांचे डबे वेळेवर भरणाऱ्या माता माझ्या यादीत आहेत. कोणताही मानसिक आजार नसलेले आणि मुलांचे आयुष्य दारूपायी नासवणारे बापही आहेत. त्यांचा हक्क काढण्याचा कागद मागायला कोणी येत नाही. आजार आणि धोका यांच्यामध्ये उभा असतो तो उपचार. तो नसला की धोका वाढतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : उपचार का नाही?

"ती औषध घेत नाई," असे घरचे म्हणतात आणि विषय संपवतात. पण न घेण्याला कारणे असतात. एक कारण आजारातच दडलेले असते : आपण आजारी आहोत ही जाणीवच या रोगात पुष्कळदा हरपते. त्याला हट्ट म्हणू नये. ते लक्षण आहे. दुसरे, लाज. कोराडीहून नागपुरात शिरताना प्रादेशिक मनोरुग्णालय लागते आणि तेथील चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. ऑटोवाल्याला तो पत्ता सांगणे एखाद्या तरुण सुनेला किती जड जात असेल! आणि तिसरे कारण औषधच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सून दाराआड उभी होती. आधी बोलेना. मग म्हणाली, "माझं पोर मले देत नाईत हे लोक." मी विचारले, गोळ्या का बंद केल्या? ती म्हणाली, "पाय थांबत नव्हते. बसाव वाटे तर बसता येत नव्हतं, झोपाव वाटे तर झोपता येत नव्हतं. रातभर अंगणात फिरत होती मी." काही मनोविकारविरोधी औषधांनी असे होते. रुग्णाच्या पायांत, अंगात एक विलक्षण अस्वस्थता भरते, क्षणभर स्थिर बसवत नाही. मात्रा कमी केल्याने, औषध बदलल्याने किंवा जोडीला दुसरे औषध दिल्याने ते बहुधा आटोक्यात येते. घरच्यांनी मात्र ते फिरणे आजार वाढल्याचे चिन्ह समजून गोळ्यांऐवजी गंडा बांधला होता. दोन वर्षांत तिला हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे गंभीर मानसिक आजाराचे बहुसंख्य रुग्ण उपचाराविनाच राहतात, २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने हेच दाखवले आहे.

आता असे प्रसंग सांगतो, जेव्हा थांबायचे नाही. मुलाला इजा कर असे आवाज ऐकू येतात, असे आई किंवा बाप सांगू लागला. हे मूल माझे नव्हे, बदललेले आहे, त्यात कोणी शिरले आहे असे म्हणू लागला. 'मी गेले तर याला मागे कोणाजवळ ठेवू' असे बोलू लागला. किंवा मुलाचे खाणेपिणे, औषध भ्रमापोटी बंद केले, तर मुलाला तेथून त्याच घडीला हलवावे आणि रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बाळंतिणीच्या बाबतीत तर विशेष. हजार बाळंतपणांत एकदोघींना प्रसूतीनंतर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत तीव्र मनोविकार होतो. काल हसतीखेळती असलेली मुलगी आज झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाकडे विचित्र नजरेने पाहते. हा आणीबाणीचा प्रसंग समजावा. आणि हाच आजार उपचारांना फार चांगला प्रतिसाद देतो, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कायद्याने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. नातलगाची संमती मिळणे शक्य असेल तेथे ती घ्यावी लागते. शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत. आयत्या वेळी चष्मा सापडत नाही.

रुग्णालयात दाखल केले म्हणजे मूल आईपासून तुटले, असेही नाही. २०१७च्या कायद्याची ही तरतूद मला फार मोलाची वाटते : मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करायचे नाही. मुलाला धोका आहे असे तज्ज्ञाचे मत झाले तर तात्पुरते वेगळे करायचे, पण देखरेखीखाली भेटू द्यायचे. दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा आणि सलग तीस दिवसांहून अधिक काळ वेगळे ठेवायचे तर प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून माता आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. असा विभाग विदर्भात निघावा ही माझी जुनी इच्छा आहे.

भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. मुलाच्या किंवा आईबापांच्या अपंगत्वामुळे मूल आईबापांपासून तोडू नये, असे त्यात आहे. आपल्या २०१६च्या कायद्यात मात्र यातला अर्धाच भाग उतरला आहे : मुलाच्या अपंगत्वाचा. पालकांचा भाग निसटला.

आता तुमच्याविषयी, आजीआजोबांविषयी. तुमची भीती मला कळते. दोन भीती असतात : ती बरी झाली तर नातू घेऊन जाईल, आणि ती बरी न होता आपण गेलो तर? पहिल्या भीतीबद्दल खोटे आश्वासन मी देणार नाही. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात निकाल दिला. आई कर्करोगाने गेली होती, बाप क्षयाने आणि मेंदूच्या आवरणाच्या क्षयाने रुग्णालयात होता, म्हणून तान्ही मुलगी आईच्या नातलगांनी मायेने सांभाळली. बाप बरा झाला आणि त्याने मूल मागितले. नातलगांच्या मायेबद्दल कोणालाही शंका नव्हती, तरी मूल बापाला मिळाले. आजारी असणे म्हणजे मूल सोडून देणे नव्हे. शरीराच्या आजाराला जो न्याय, तोच मनाच्या आजारालाही असावा, असे मला वाटते. दुसरीकडे, जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने कोविडमध्ये आईबाप गमावलेल्या मुलाचा ताबा त्याच्या आजीआजोबांना दिला आणि आजीआजोबांचे वय किंवा कमी उत्पन्न एवढ्यावरून त्यांना नाकारता येणार नाही असे सांगितले. तेव्हा वयाने स्वतःला कमी लेखू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एक वही करा आणि तीत तारखेसह घडलेले लिहा. 'वेडी आहे', 'डाकीण आहे' अशी विशेषणे नकोत. 'अमुक तारखेला सकाळी आठपासून सहापर्यंत मुलाला जेवण मिळाले नाही' असे लिहा. डॉक्टरला, समितीला, न्यायालयाला याच वहीचा उपयोग होतो. सुनेने चांगले केलेलेही त्याच वहीत लिहा. हे लिहिताना हात जड होतो, हे मी पाहिले आहे. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि आधार एका जागी ठेवा. संगोपनाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. तीत २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते, सुनेलाही देते. आणि स्वतःची साखर, रक्तदाब तपासत राहा. नातवाच्या मागे धावताना आपल्या गोळ्या विसरणारी आजी ही माझी नेहमीची डोकेदुखी आहे. आपल्यानंतर कोण, याचे नाव आजच घरात बोलून ठेवा.

मुलाला काय सांगावे? चार वर्षांच्या मुलाला एवढे पुरते : आईला आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, डॉक्टर औषध देतात. 'आई वेडी झाली' हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका. पुढे शाळेत ते त्याला कोणी ना कोणी ऐकवेलच. त्यालाही हा आजार होईल का, असे आजोबांनी मला हळूच विचारले. आईला किंवा बापाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. सर्वसामान्यांत ती शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे दहांतील नऊ मुलांना होत नाही. आजोबांनी ते बोटांवर मोजून पाहिले.

सुनेचे पुढे काय झाले ते सांगतो. तिला नेण्यासाठी आम्ही तिच्या आईला सावनेरहून बोलावून घेतले. सासूबरोबर ती नागपूरला गेली नसती, आईबरोबर गेली. तज्ज्ञांनी औषध बदलले. पाय थांबत नाहीत ही गोष्ट तिने स्वतः त्यांना सांगितली. सहा आठवड्यांनी खिडक्यांवरची वर्तमानपत्रे निघाली. आवाज अजून पुरते गेलेले नाहीत. कधी कधी ती कान झाकून बसते. मुलगा रात्री आजीजवळच झोपतो. सकाळची आंघोळ आई घालते आणि आजी मोरीच्या दाराशी पाटावर बसून असतात. पोर दोघींशीही भांडते.

गेल्या महिन्यात आजी रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. बाल कल्याण समितीचा पत्ता मी त्यांना त्या पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. तिचे काय केले, मी विचारले. आजी जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "गेली नाई मी तिकडं. पण फाडली बी नाई, डॉक्टरसाहेब. पोथीत ठेवली हाये." मग रक्तदाब मोजला. एकशे चाळीस, नव्वद. गोळी तीच चालू ठेवायला सांगितली.